वाचकांचे प्रश्न : सुखाच्या दिवसांत प्रार्थनेचा भरवसा

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या पतीचे मोठे ऑपरेशन झाले. दोन महिने मी रोज रात्री अंथरुणावर बसून रडत प्रार्थना करीत असे आणि त्या दिवसांत मनाला विलक्षण भरवसा वाटे. देवाच्या दयेने ते बरे झाले, मुलीचे लग्न ठरले. पण आता माझी प्रार्थना दोन मिनिटांत आटोपते आणि तो भरवसाही जाणवत नाही. त्याच सुमारास माझ्या जाऊबाईंचा तरुण मुलगा गेला. त्याच्यासाठीही आम्ही तितक्याच कळकळीने प्रार्थना केली होती. आता भगिनी मंडळात मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आलेला अनुभव सर्वांसमोर सांगायला, सांगितले आहे. जाऊबाई समोर बसलेल्या असताना ‘देवाने आमची प्रार्थना ऐकली’ असे मी कसे म्हणू?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : भगिनी, हे वाक्य उच्चारताना तुमची जीभ अडखळते, हे मला फार मोलाचे वाटते. तुमचे पती बरे झाले म्हणून प्रार्थना ऐकली गेली असे म्हटले, तर जाऊबाईंची ऐकली गेली नाही असाच त्याचा अर्थ निघतो, आणि तसे म्हणण्याचा अधिकार पवित्र शास्त्र आपल्याला देत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने ‘हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी विनवणी पित्याला केली, तरी प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततचा त्रास, निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली. काटा तसाच राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर मिळाले. या दोघांचे ऐकले गेले नाही, असे आपण कधी म्हणत नाही.

मग भरवसा कशाचा धरायचा? यासाठी पवित्र शास्त्रातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली हन्नेची गोष्ट पुन्हा एकदा सावकाश वाचा, अशी माझी विनंती आहे. मूल नाही म्हणून सवतीची बोलणी खात वर्षे काढलेली ही बाई शिलो येथील मंदिरात इतकी व्याकूळ होऊन प्रार्थना करते की, नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटते. पुढे खरी गोष्ट कळल्यावर तो तिला शांतीने जा म्हणतो, देव तुझे मागणे पुरे करो असा आशीर्वाद देतो. मात्र तिने काय मागितले हे त्याला तिने सांगितलेलेच नसते. त्यानंतरचे छोटेसे वाक्य आपण नेहमी घाईने वाचून पुढे जातो : ती आपल्या वाटेने गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म त्या वेळी अजून दूर होता. सवत घरात होतीच, ओटी रिकामीच होती, तरी कित्येक दिवसांनी त्या बाईच्या घशाखाली घास उतरला. मन मोकळे करून जे बोललो ते देवापाशी पोहोचले, या एवढ्या खात्रीवर ती उठली होती.

आता तुमच्या सुखाच्या दिवसांकडे येऊ. पवित्र शास्त्रातील स्तोत्रांपैकी तिसाव्या स्तोत्रात दावीद राजा कबुली देतो की, सारे सुरळीत चालले असताना ‘मी कधीच ढळणार नाही’ असे तो म्हणाला होता. देवाने मुख लपवताच मात्र तो घाबरून गेला. दवाखान्यातले कागद नीट आले, लग्न ठरले, की मनाला जे स्वास्थ्य वाटते ते खरे असते, पण त्याचा आधार पुष्कळदा परिस्थितीच असते. त्यामुळे तुमचा भरवसा हरवला आहे असे मला वाटत नाही. तो सध्या दुसरीकडे टेकला आहे, इतकेच.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचा अनुभव मला नेहमी धीर देतो. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, पुढे भाऊ गेला, पतीही गेले, इतके सोसलेल्या रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन सुरू झाले १८८९ मध्ये. असे असूनही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त मिळालेला नाही. काम उभे राहिले होते, नाव झाले होते, अशा काळात त्यांना ही उणीव जाणवली आणि तिनेच त्यांना ख्रिस्ताकडे नेले. तुमची आजची अस्वस्थताही मी त्याच जातीची मानतो.

म्हणून दोन मिनिटांची प्रार्थना ओढून ताणून लांबवू नका. रडू येत नाही म्हणून प्रार्थना खोटी ठरत नाही. रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी त्या दिवसातली एकच गोष्ट नाव घेऊन देवापुढे ठेवा : पती आज कुणाचा आधार न घेता जिना चढले, मुलीच्या साड्या आल्या, असे काही. उपकारस्तुती मोघम झाली की ती तोंडपाठ होते आणि तोंडपाठ झाली की मन तिच्यातून निघून जाते. हन्नेनेही सुखाच्या दिवशी गीत गाइले, पण ते नवसाप्रमाणे मुलाला देवाच्या सेवेसाठी शिलोत ठेवून परतण्याच्या दिवशी! पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. त्या मापात वर्षभराचा विरह किती आणि आभार किती, हे तिचे तिलाच ठाऊक.

साक्षीबद्दल इतकेच सांगतो. पती बरे झाले याबद्दल आभार जरूर माना, पण ‘आमच्या प्रार्थनेमुळे’ असे म्हणू नका. त्या रात्री देव तुमच्याजवळ होता, तेवढेच बोला. आणि त्याआधी एखाद्या दुपारी जाऊबाईंकडे जा. त्यांना चालणार असेल तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्यांच्याबरोबर वाचा. ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारून सुरू झालेले ते स्तोत्र शेवटच्या ओळीतही अंधारातच राहते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. वाचून झाल्यावर समजुतीचे काही बोलू नका. त्या बोलेपर्यंत नुसत्या जवळ बसा.