टक्के नको, किती दिवस उरलेत ते मोज

गावाचं पाणी पावसापर्यंत कसं पुरवायचं, हा तुझा मेसेज रात्रीच वाचला पण हे दोन ओळीत उरकण्यासारखं नाही म्हणून आज निवांत बसून लिहितोय. तलाव निम्म्याखाली आलाय, पावसाला अजून बराच अवकाश आहे आणि सगळ्यांच्या नळाची जबाबदारी तुझ्या अंगावर, भीती वाटणारच गं पोरी, मलाही वाटायची.

सगळ्यात आधी तलाव किती टक्के भरलाय ते डोक्यातून काढ. तलाव काही बादलीसारखा सरळ नसतो, खाली निमुळता होत जातो, अगदी नरसाळ्यासारखा धरलास तर निम्म्या उंचीला पाणी निम्मं नाही, फक्त आठवा भाग उरतो. त्यात तळाला गाळ आणि जॅकवेलच्या (पंप जिथून पाणी उपसतो त्या विहिरीच्या) तोंडाखालचा मृतसाठा, तो पंपाला मिळतच नाही. मी एका उन्हाळ्यात कुठल्या पातळीला किती पाणी ते सांगणाऱ्या जुन्या तक्त्यावर विसंबलो होतो, गाळ किती साचलाय ते कुणी मोजलंच नव्हतं, आणि कागदावर तीन आठवड्यांचं पाणी दाखवत असताना पंपानं हवा ओढायला सुरुवात केली. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून काठीनं, दोरीनं, कशानंही का होईना, तळ स्वतः मोजून घे.

मग हिशोब दिवसांचा मांड. धर वापरता येईल असं पाणी 12 कोटी लिटर आहे, गावाला रोज 8 लाख लागतं आणि ऊन रोज 4 लाख घेऊन जातं. हे 4 लाख ऐकून दचकू नकोस, कडक उन्हात वारा असेल तर दिवसाला 6 मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे एका हेक्टरमागे 60 हजार लिटर, साडेसहा हेक्टरचा तलाव असला तरी तेवढं होतं. एकूण 12 लाख, म्हणजे 100 दिवस. आज गावाच्या पाण्यात पाव कपात केलीस तर रोजचा खर्च 10 लाखावर येतो आणि तेच पाणी 120 दिवस जातं. पण लोक नाराज होतील म्हणून 60 दिवस थांबलीस तर उरतं 4 कोटी 80 लाख, त्यावर तीच पाव कपात लावून जास्तीचे फक्त 8 दिवस मिळतात, आणि तेच 20 दिवस वाढवून हवे असतील तर तेव्हा गावाचं पाणी निम्मं करावं लागतं. (पाणी कमी होईल तसा तलावाचा पसाराही आटतो, उडणारं पाणी थोडं घटतं, पण त्या भरवशावर राहू नकोस.) तलावात पाणी दिसत असताना कपात सांगणं फार जड जातं, शिव्या खाव्या लागतात, तरी तेव्हाच कर.

कपातीआधी गळती मात्र बघच. रात्री दोन ते चारच्या मधे, सगळं गाव झोपलेलं असताना, टाकीच्या आउटलेटचा मीटर बघ, तेव्हा जे पाणी जातंय त्यातलं बहुतेक गळतीचं असतं. मग व्हॉल्व्हमनला बरोबर घे, लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर ठेव आणि दुसरं कानाला लाव. लाइन ठीक असेल तर शांत असतं, कुठं फुटलेली असेल तर बारीक, सलग सूं असा आवाज येतो, आणि जवळ जाशील तसा तो वाढतो. दोन-तीन रात्रीत तुझ्या कानाला सवय होईल. व्हॉल्व्हमनचं ऐकत जा, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीत पाणी चढतं हे त्याच्या हातात असतं, नकाशात नाही.

आता टेलची, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाची घरं. पाणी दिवसाआड केलंस की टाकीजवळचे भरून घेतात आणि शेवटच्या गल्लीत हंडा ठेवून बसलेल्या बाईला शेवटची दहा मिनिटं बारीक धार मिळते, त्यात मधेच कुणी नळाला थेट मोटर लावली की तीही गेली. म्हणून पाळी नुसती तासांवर ठरवू नकोस, टेलच्या नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते स्वतः उभं राहून बघ आणि त्यावरून गावाच्या त्या त्या भागाचे तास वाढव-कमी कर. मोटर लावणाऱ्यांना ओळख बघून सोडलंस तर पुढं तुझं कुणी ऐकणार नाही, मग तो कितीही मोठा माणूस असो.

आणि शुद्धीकरणात काटकसर अजिबात नको. लाइन रिकामी पडली की आत दाब राहत नाही, फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं, शिवाय तलावाच्या तळाचं पाणी गढूळ, वास मारणारं, ते क्लोरीन लवकर खाऊन टाकतं. टाकीवर टेस्ट करून समाधान मानू नकोस, टेलच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्राम क्लोरीन उरलंय का ते रोज बघ. टँकर सुरू करावे लागले तर त्यांचंही तसंच तपास, आणि कुठली खेप कुठं रिकामी झाली त्याची वही ठेव.

लोकांना खरं सांग, रोज सांग. केप टाउनमधे 2018 साली माणशी रोज 50 लिटरची मर्यादा आली, नळ बंद होण्याचा दिवस आधीच जाहीर केला होता, लाइनचा दाब कमी केला, लोकांनी वापर घटवला तशी ती तारीख पुढं पुढं जात राहिली आणि पावसापर्यंत निभावलं. टाकीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही, आज इतके दिवस उरले. आकडा घटला तरी लिही, लपवलास की लोक भीतीनं जास्त साठवायला लागतात.

पहिला पाऊस पडला की सगळे म्हणतील कपात काढा. काढू नकोस, पहिला लोंढा गाळ घेऊन येतो, तुरटीचा डोस पुन्हा जार टेस्ट करून (भांड्यांत थोडं थोडं पाणी घेऊन किती तुरटीनं गाळ बसतो ते बघून) ठरव आणि साठा खरंच वाढायला लागला की मगच पाळी सैल कर.

उद्या सकाळचं तलावाच्या गेजचं (पातळीच्या पट्टीचं) रीडिंग आणि रात्रीच्या मीटरचा आकडा मला पाठव, दिवस आपण दोघं मिळून मांडू.