लिगामेंटचं ऑपरेशन झालं, आता फिजिओ कुठला?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा तालमीत जातो. कुस्ती खेळताना गुडघ्याचं लिगामेंट, एसीएल, तुटलं. बेळगावात ऑपरेशन झालं. डॉक्टर फिजिओ करा म्हणतात. जवळच एकजण रोज करंट आणि शेक देतात. गावातले हाडवैद्य चोळून पाय मोकळा करतो म्हणतात. रोज बेळगाव परवडत नाही. कुणाकडे न्यावं?
— एक आई

उत्तर : आधी हाडवैद्यांचं. ताज्या ऑपरेशनच्या पायाला त्यांचा हात अजिबात लागू देऊ नका. नवीन बसवलेलं लिगामेंट अजून हाडात रुजायचंय, त्याला ओढाताण सोसत नाही.

मशीन बघूनही फिजिओ ठरवू नका. करंटनं दुखणं थोडा वेळ दबतं, मांडीत ताकद येत नाही. आणि ऑपरेशननंतर मांडी बघता बघता सुकते. चांगला फिजिओ आधी डिस्चार्ज कार्ड वाचतो, कारण गुडघ्यातली गादीही (मेनिस्कस) शिवली असेल तर पायावर वजन किती टाकायचं, गुडघा किती वाकवायचा, सगळंच बदलतं. मग दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजतो. टाचेखाली उशी ठेवून गुडघा पूर्ण सरळ होतो का बघतो. वाकणं मागाहून येतं, पण सरळ होणं राहून गेलं तर पोरगा लंगडतच राहील. ही मापं तो वहीत लिहितो, काही दिवसांनी पुन्हा काढतो. जो मोजतच नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

पदवी विचारायला लाजू नका. बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त शिक्षण; एमपीटी त्यापुढची दोन वर्षं. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. रोज जायची गरज नसते. फिजिओला अडचण मोकळेपणानं सांगा, घरचे व्यायाम मुलाकडून समोर करून घ्यायला लावा आणि पुढची तारीख ठरवून घ्या. व्यायाम मात्र घरी रोज झाला पाहिजे.

'तीन महिन्यांत मातीत उतरवतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. नऊ महिन्यांच्या आत कुस्ती नाही, आणि तेव्हाही दोन्ही पायांची ताकद तपासूनच. यात्रेच्या मैदानासाठी घाई होते, म्हणून वस्तादांना आजच सांगून ठेवा.

पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर चोळू नका. फिजिओच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ऑपरेशनच्या डॉक्टरांकडे न्या.