हिरवा दोरा

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मोबाईलवर मिळाला. 'रायटरकाका, तुम्ही दिलेली तिन्ही पुस्तकं झाली. दोनात खुनी साठ पानांच्या आत ओळखला. आता जरा अवघड काहीतरी द्या की.' आणि त्याच्यापुढं ते हसणारं पिवळं तोंड. एवढं मोठं उत्तर मोबाईलवर बडवायला माझी बोटं तयार नाहीत, म्हणून कागद घेतला. हे पुण्याला पोचेपर्यंत तू आणखी दोघांना आत टाकलेलं असशील.

साठाव्या पानावर खुनी ओळखलास म्हणून मी काही तुझी पाठ थोपटणार नाही. ओळखलास तो कशावरून? 'जास्तच गोड बोलत होता', 'दुसरं कुणी उरलंच नव्हतं', असं असेल तर त्याला अंदाज म्हणतात. आमच्या पोलिस ठाण्यात चहा घेऊन येणाऱ्या पोराचेसुद्धा असले अंदाज पुष्कळदा बरोबर निघायचे. म्हणून त्याच्या सांगण्यावर कुणी दोषारोपपत्र पाठवलं नाही. इथून पुढं एक कर. संशय आला की चिठ्ठीवर नाव, पान नंबर आणि कारण लिही आणि ती त्याच पानात खुपसून ठेव. कारण लिहिता आलं नाही तर ते ओळखणं धरायचं नाही. नाव बरोबर आणि कारण चुकलेलं असलं तरी धरायचं नाही. बघ, किती खुनी हातात राहतात ते.

मला हा नाद आईमुळं लागला. त्या काळी रहस्यकथा चोरून वाचाव्या लागायच्या असं सगळे सांगतात, आमच्याकडं उलटं होतं. दुपारची भांडी झाली की आई पदराला हात पुसत म्हणायची, 'जा, झुंजारचं नवीन आलंय का बघून ये.' पापाच्या तिकटीजवळ भाड्यानं पुस्तकं देणारा एक जण होता. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या; त्यातल्या किती आमच्या माजघरातून फिरून गेल्या त्याचा हिशेब नाही. झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक आम्हाला भाऊबंदांपेक्षा जवळचे. पुस्तकं मळकट, पानांना तेलाचे डाग, आणि एखाद्या नावापुढं पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं, 'हाच खुनी'. निम्म्या वेळा ते खोटं असायचं! वाचकाला चकवायची ती युक्ती अजून कुठल्या लेखकाला सुचलेली नाही.

मी शेवटच्या पानाकडं धावत सुटायचो. आई सावकाश वाचायची, आणि पुस्तक मिटलं की तिची एक तक्रार ठरलेली. 'त्या मारलेल्या बाईची दोन पोरं होती की रे. त्यांचं पुढं काय झालं, ते ह्या माणसानं लिहिलंच नाही.' मी हसायचो. खुनी सापडला, बेड्या पडल्या, आता पोरांचं काय घेऊन बसलीस?

पुढं १९७९ साली मी पोलिसात लागलो. अक्षर बरं होतं म्हणून रायटरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, टेबलावर बसवलं आणि निवृत्तीपर्यंत थोड्याफार फरकानं तिथंच राहिलो. मुद्दाम सांगतो, कारण गल्लीतल्या पोरांना वाटतं काकांनी दरोडेखोर धरले असतील. मी लिहिलं. फिर्यादी, जबाब, जागेचे पंचनामे, आणि सगळ्यांत जास्त मयताचे पंचनामे. तेव्हा ते १७४ कलमाखाली व्हायचे, आता नव्या कायद्यात १९४ झालं. (१ जुलै २०२४ पासून खुनाच्या ३०२ चंही १०३ झालंय. पण कादंबरीवाले अजून पाच-पंचवीस वर्षं ३०२ च लिहिणार, माझ्या कानालाही तेच बरं वाटतं.) त्या भागातले दोन प्रतिष्ठित पंच उभे करायचे आणि दिसतं ते लिहायचं. मयत इसम, वय अंदाजे, अंगावर काय, खिशात काय. वाटतं ते लिहायचं नाही.

एकदा एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर एक माणूस मेलेला आढळला. गुन्ह्याचा प्रकार नव्हता, आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद झाली आणि पुढं डॉक्टरांनीही हृदयाचंच कारण दिलं. खिशात काय, तर दात पडलेला कंगवा, एसटीची पंच मारलेली तिकिटं, थोडे पैसे आणि वहीच्या पानाची घडी. त्यावर बायकी अक्षरात तीन ओळी: चहापत्ती, बाळाचं औषध, हिरवा दोरा. घडीच्या आत औषधाची चिठ्ठी, भुदरगड तालुक्यातल्या एका डॉक्टरची. तिच्यावरून पत्ता लागला. पोलिस पाटलाकडं निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी बायको आणि दीर आले.

त्या बाईनं माझ्या टेबलावरची ती वहीच्या पानाची घडी उलगडली. मग विचारलं, पिशवी कुठाय? पिशवी रिकामी होती, घडी घालून काखेत ठेवलेली. पंचनाम्यात मी तसं लिहिलेलं होतं, पण लिहिताना त्याचं मला काही वाटलं नव्हतं. बाई म्हणाली, 'दोरा न्हाई. म्हंजे बाजारात गेलंच न्हाईत.' जरा थांबून दिराला म्हणाली, 'सकाळच्या गाडीनं आलं आणि उतरल्या उतरल्याच बसलं.' आम्हाला खबर लागली होती संध्याकाळी सहाला. म्हणजे तो माणूस दिवसभर त्या बाकड्यावर होता आणि शेजारी बसून लोक गाडीची वाट बघत होते. झोपलाय म्हणून कुणी हलवलं नाही. तेव्हाच्या पंच मारलेल्या तिकिटांवर वेळ छापलेली नसायची, त्यामुळं हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं, कारण तो किती वाजता काय करतो हे तिला ठाऊक होतं.

कॉनन डॉयलची १८९२ सालची घोड्याची गोष्ट तुला ठाऊक आहे. रात्री कुत्रं भुंकलं नाही, यावरून होम्स चोर ओळखतो. नसलेल्या गोष्टीवरून असलेली काढायची. ती गोष्ट मी शाळेत वाचली होती आणि 'काय डोकं आहे' म्हणून थक्क झालो होतो. त्या दिवशी तेच डोकं नऊवारीत माझ्यासमोर उभं होतं. पण होम्सला त्या शोधाचं काही दुखत नाही. हिला आपण काढलेलं उत्तर घेऊनच घरी जायचं होतं.

त्या संध्याकाळी मला आईची तक्रार कळली. तेव्हापासून कुठलंही रहस्याचं पुस्तक हातात घेतलं की मी आधी मेलेल्याचा खिसा बघतो. लेखकाला त्यातलं काही ठाऊक आहे का? का मयत म्हणजे नुसतं गोष्ट सुरू करायला टाकलेलं मुटकुळं?

ह्या मापानं मोजलं की भल्याभल्यांचं वजन बदलतं. अगाथा क्रिस्टीबाईंचंच घे. पहिल्या महायुद्धात त्या इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होत्या, त्यामुळं विष त्यांना तोंडपाठ. १९२० साली पहिली कादंबरी आली ती विषप्रयोगाचीच. पण त्यांच्या पुस्तकातला मेलेला श्रीमंत म्हातारा पुष्कळदा नुसती इस्टेट असतो. त्याच्यासाठी कुणी रडत नाही, सगळे मृत्युपत्र वाचायला जमतात. तरी मी त्यांना सोडत नाही, कारण बाई हिशेबाला चोख. तुला दिलेलं तिसरं, त्यांचंच अ‍ॅक्रॉइडचं, १९२६ सालचं. दोन ओळखलीस म्हणालीस. म्हणजे हे ओळखलं नाहीस, खरं ना? त्याबद्दल निरोपात अवाक्षर नाही! ते पहिल्यापासून परत वाच. बाईंनी फसवलं म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली होती, अजून लोक भांडतात. माझं मत विचारशील तर बाईंनी सगळं दाखवलंय, आपण बघितलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना लाज वाटते, आणि ती लाज फार मजेची असते.

१९२९ साली नॉक्स नावाच्या पाद्र्यानं रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. भुतंखेतं नकोत, चोरवाट एकापेक्षा जास्त नको, जुळा भाऊ आधी पूर्वकल्पना दिल्याशिवाय आणायचा नाही. आपल्याकडच्या पॉकेटबुकांना हे लावलं तर निम्मं कपाट जप्त होईल. आमच्या लहानपणी भुयार नसलेला वाडा आणि वेषांतर न करणारा गुप्तहेर आम्ही मोजतच नव्हतो. म्हणून ती पुस्तकं वाईट असं म्हणू नकोस. त्यांना घाई होती आणि वाचणाऱ्यालाही होती.

सुशि, म्हणजे सुहास शिरवळकर, हे वेगळं प्रकरण. दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास. तू त्यांच्या पुस्तकातला खुनी पकडलास ते ठीक, पण त्यातली माणसं बोलतात कशी ते ऐकलंस का? सुशि दुवे शोधत वाचायचे नसतात. स्वारगेटला गाडीत बसायचं आणि मान वर करायची ती कावळा नाक्याला.

एक जात मात्र मी घरात ठेवत नाही. पहिल्याच पानावर बाईचं प्रेत, अर्धं पान जखमांचं वर्णन, आणि तिचं नाव विचाराल तर शेवटपर्यंत धड नाही. खुन्याचं बालपण मात्र चाळीस पानं. सीपीआर इस्पितळाच्या शवागाराबाहेर नातेवाइकांची वाट बघत मी पुष्कळ उभा राहिलोय. तिथं आलेल्या एकाही माणसानं मला जखम किती इंच ते विचारलं नाही. जेवला होता का, असं विचारतात. पायात चप्पल होती का, असं विचारतात.

आता तुझ्या 'अवघड'विषयी. तुला वाटतं अवघड म्हणजे खुनी शेवटपर्यंत लपलेला. दस्तयेव्हस्कीनं १८६६ साली खुन्याच्याच डोक्यात बसून कादंबरी लिहिली. तिथं साठाव्या पानावर काय ओळखणार? हिगाशिनो नावाच्या जपान्याची सस्पेक्ट एक्स म्हणून कादंबरी आहे, २००५ ची. खून तुझ्या डोळ्यांदेखत होतो, करणारी समोर, मेलेला समोर. आणि तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण काय झालं ते माहीत असूनही काय झालं ते आपल्याला कळलेलं नसतं. हे वाक्य तुला आत्ता उलटसुलट वाटेल. वाच, मग बोलू. सिमेनॉंचा फ्रेंच पोलिस अधिकारी मेग्रे भेटला तर त्यालाही सोडू नकोस. पंचाहत्तर कादंबऱ्या आहेत, पण एक वाचली तरी कळेल. तो मयताच्या गल्लीत जातो, तिथल्या गुत्त्यात बसतो, ह्या माणसाचा दिवस कसा जात होता ते बघत राहतो. आईला मेग्रे आवडला असता. बंगाली लेखक शरदिंदूंच्या ब्योमकेशचीही हीच तऱ्हा. १९३२ पासून तो डिटेक्टिव्ह म्हणवून घ्यायला तयार नाही, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती कादंबरीवाले हमखास विसरतात. शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर बोट दाखवतो, खुनी ढसाढसा रडून सगळं कबूल करतो आणि फौजदार बेड्या घालतो. छान. पण १८७२ च्या आपल्या पुराव्याच्या कायद्यात २५ वं कलम होतं, आता नव्यात २३ वं आहे. पोलिसापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. म्हणजे ती रडारड कोर्टात शून्य. पुस्तक संपतं तिथं आमचा रायटर पेनात शाई भरतो. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपी जामीन मागायला मोकळा. मुद्देमालाला लाखेचं सील, पंच गावाला गेलेले, आणि साक्षीदार फितूर होणार नाही याची काळजी पुढची चार वर्षं. भारतात घडणारी कादंबरी वाचताना कबुलीवर गाडी थांबली की माझं तोंड कडू होतं. विलायतेतली असली तर चालवून घेतो, त्यांचं ते बघतील.

तू लिहायच्या विचारात आहेस असं तुझी आई म्हणाली. मला सांगितलं नाहीस, असो. त्यावर सल्ला द्यायला मी लेखक नव्हे. पण दिसतं ते लिहिण्याची सवय मला आहे, त्यावरून एक सुचवतो. तुझ्या मयताच्या खिशातल्या वस्तूंची यादी आधी कर. दुव्यांची नव्हे, नुसत्या वस्तूंची. त्यातली एखादी तू बनवलेली नाहीस, ती त्याची स्वतःचीच आहे असं वाटायला लागलं, की प्रकरण एक सुरू कर.

ह्या पत्राबरोबर एक पुस्तक पाठवतोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत मित्राकडं ठेवलेली माझी दोन पोती पॉकेटबुकं पाण्यात गेली. तो कागद भिजला की लगदाच होतो. गच्चीवर वाळत घातली, त्यातली नऊ बचावली, त्यातलं हे एक. पानं फुगलीत, उलटताना ओढू नकोस. आणि शेवटची आठ पानं नाहीत. ती पुरात गेली नाहीत, आईच्या वेळेपासूनच नाहीत. लेखकाचं नाव कव्हरबरोबर गेलं. दुसरी प्रत मी बिंदू चौकापासून तुमच्या अप्पा बळवंत चौकापर्यंत शोधली, मिळाली नाही. त्यामुळं खुनी कोण ते मलाही माहीत नाही. अवघड पाहिजे होतं ना तुला?

चिठ्ठ्या पानातच राहू देत, दिवाळीला येशील तेव्हा बघतो. आणि चौथ्या प्रकरणात मयताची एक बहीण येते, भावाचे कपडे न्यायला. कोट मागते, कोट मिळत नाही, पोलिस तिला उद्या या म्हणतात. पुढं ती कुठंच नाही. तिच्यावर नजर ठेव.

तुझा,
रायटरकाका