पेठेतलं जुनं कौलारू सभागृह स्वयंसेवकांनी कसं सांभाळावं?

तुमचा प्रश्न असा: संस्थेचं जवळपास शंभर वर्षांचं सभागृह, सागवानी सांगाडा, विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं, हाताशी दहा-बारा जण आणि बेताचा पैसा. सुरुवात कुठून करावी?

रंगापासून तर मुळीच नको. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, कारण रंग फोटोत दिसतो. इमारत खचते ती पाण्याने.

शाकारणी, म्हणजे फुटकी कौलं बदलून छप्पर नीट बसवणं, मे महिन्यातच उरका. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात. पन्नासेक जादा आणून ठेवा, पण आधी जुन्या कौलावरचा छाप बघून घ्या. वेगळ्या कारखान्याचं कौल शेजारच्या खाचेत नीट बसत नाही आणि तिथूनच गळतं. छपरावर स्वयंसेवक चढवू नका, ते काम रोज करणाऱ्या माणसाचं. तुमचं काम पन्हळींचं: मेअखेर एकदा साफ करा, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा, कारण वाळलेली पानं तेव्हाच वाहून येतात. त्या पावसात एकाने टॉर्च घेऊन पोटमाळ्यावर थांबावं आणि ओल्या वाशावर खडूने खूण करावी. थेंब पडतो तिथेच वर भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून हातभर घरंगळत येतं.

मग लाकूड. खांब मधोमध ठणठणीत असतो. बघायचं ते तळखड्यालगत, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, आणि तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथे. पेचकस टोचा. सहज आत गेला तर कुजलंय, आणि मग काम तुमचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. वाळवीचा मातीचा माग दिसला तर बोटभर मोडून ठेवा आणि आठवड्याने बघा. पुन्हा बांधलेला असेल तर वाळवी जिवंत आहे, औषधवाल्याला बोलवा. लाकडाला ऑइल पेंट नको, आतली ओल कोंडते. जवसाचं तेल पुरतं. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात; पाण्याच्या बादलीत टाका.

सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटने होतं. जुनी वीट आणि चुना ओल शोषतात आणि बाहेरही सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते, क्षार विटेत साठतात आणि दोन-चार वर्षांत विटेचा दर्शनी भाग पिठासारखा गळू लागतो. गिलाव्याला एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या जागी एक भाग वाळू कमी करून सुरखी, म्हणजे विटेची पूड, घाला. थर पातळ, वर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. काम दिवाळीनंतर काढा, एप्रिलच्या उन्हात चुना सुकतो पण धरत नाही. कळीचा (न विरवलेला) चुना भिजवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी चिकटवा, वर तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. भिंतीतला पिंपळ पेरभर असतानाच मुळासकट उपटा. नुसता छाटला तर मूळ आणखी जाड होतं, आणि जाडजूड झाल्यावर ओढलात तर विटाही सोबत येतील.

कागदपत्रांचं थोडक्यात: महापालिकेच्या वारसा यादीत इमारत आहे का, कोणत्या श्रेणीत, हे आधी बघा, असेल तर बदलाआधी परवानगी लागते. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (चेंज रिपोर्ट). हे राहून गेलं की पुढे बँकेत सहीपासून अडतं.

महिन्यातला एक रविवार ठरवा, दर वेळी त्याच चार जागांवरून फोटो काढा आणि नोंदवही सभागृहातच ठेवा, कुणाच्या घरी नको. गणपतीआधी मांडववाल्याला पहिल्याच दिवशी बजावा: खांबाला खिळा नाही, सुतळी बांधायची. आणि लाइटिंगचं कनेक्शन जुन्या वायरिंगवरून घ्यायचं नाही.