सही तुझी आहे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू शेवटी विचारलंस, "तात्या, कोर्टात साक्ष देताना आठवत नाही म्हणालो तर काय बिघडतंय?" मी उत्तर न देता फोन ठेवला. राग आला होता. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसलोय.

आधी ते समन्स खिशात घालून गावभर सल्ले विचारत फिरणं बंद कर. चुलत्याने एक सांगितलं, सरपंचांनी दुसरं, वकिलाच्या कारकुनाने तिसरं. त्यातला एकही जण त्या दिवशी जीपमध्ये नव्हता. तू होतास. तुझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चौकीला लागून, म्हणून हवालदाराने तुला पंच म्हणून, म्हणजे जप्ती डोळ्यांनी पाहून सही करणारा साक्षीदार म्हणून, हाक मारली. तो योगायोग. पण त्यानंतर जे घडलं ते तू पाहिलंस, आणि त्याच संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून मला सांगितलंस. तुझ्यासमोर आरोपी म्हणाला, "लपवलेली कुऱ्हाड काढून देतो." तोच पुढे चालला, तुम्ही मागे. गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि कुऱ्हाड ओढून काढली. शेजारी बांधलेल्या शेळीने दांड्याचा वास घेतला आणि दावं ताणून मागे सरली. हे तूच सांगितलंस मला. शेळीसकट. आता म्हणतोस आठवत नाही?

तुझ्या साक्षीला किंमत का आहे ते नीट समजून घे. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. कबुली मारून-मुटकून घेता येते, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पण याला एक अपवाद आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तो कलम 27 मध्ये होता, आता 2023 च्या साक्ष्य अधिनियमात तीच गोष्ट कलम 23 मध्ये आली आहे: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर बोलण्यातला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. पण कुऱ्हाड खरंच त्याने काढून दिली की पोलिसांनी आधीच गंजीत खुपसून ठेवली होती, हे सांगणार कोण? पोलीस सांगतील ते पोलिसांच्या बाजूचं, आरोपी सांगेल ते आरोपीच्या बाजूचं. उरले दोन पंच. म्हणून तुला बोलावलंय. पोलिसांचं काम करायला नव्हे. उद्या गंज रिकामी असती आणि कुऱ्हाड जीपमधून निघाली असती, तर तेही तुलाच सांगावं लागलं असतं.

पाहिलं तेवढं, आणि पाहिलं ते सगळं. माझ्याजवळ तुला द्यायला एवढंच आहे. वर घालायचं नाही, खाली ठेवायचं नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1984 साली मी पंचवीस वर्षांचा होतो, सोसायटीत कारकून. एका संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. हवालदार आला, लिहून तयार असलेला पंचनामा पुढे ठेवला आणि म्हणाला, "दोन सह्या करा, लांब जायला नको." ओढ्यापलीकडच्या झोपडीत गूळ-नवसागराचं कच्चं रसायन, एक लोखंडी पिंप, एक रबरी नळी. झोपडी मी पाहिली नव्हती, पिंप पाहिलं नव्हतं. सही केली. चहाचे पैसेही त्याने दिले.

वर्षाने कोर्टात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी विचारलं, मजकूर बरोबर आहे? म्हणालो, बरोबर आहे. सही तुमची? माझी. आरोपीच्या वकिलाने एकच अवघड प्रश्न टाकला: झोपडीचं दार कुठल्या दिशेला? मी म्हणालो, पूर्वेला. ठोकून दिलं होतं. त्या काठावरच्या सगळ्याच झोपड्यांची दारं पूर्वेला होती, म्हणून जुळलं. त्या माणसाला सहा महिन्यांची शिक्षा लागली. दारूची भट्टी दुसऱ्याचीच होती, हे मला पुढे कळलं.

त्याची बायको रॉकेल न्यायला सोसायटीच्या दुकानात यायची. बाटली पुढे करायची आणि मी नरसाळं लावून माप ओतेपर्यंत बाटलीच्या तोंडाकडे बघत राहायची. मला तिने कधी काही विचारलं नाही. सहा महिने, आणि नंतरही.

तेव्हा "आठवत नाही" हे मला हलक्या हाताने सांगू नकोस. मी न पाहिलेलं पाहिलं म्हणालो, तू पाहिलेलं पाहिलं नाही म्हणणार. दोन्हींत फरक आहे असं तुला वाटत असेल तर नीट बसून विचार कर. मला तरी तो सापडलेला नाही.

आपण लहान माणसं, आपलं काय चालतं, असं तू म्हणालास. एके काळी आपल्यासारख्या माणसांच्या हाती याहून मोठं काम होतं. जुन्या काळी निवाड्याला गोत, म्हणजे गावकऱ्यांची सभा, बसायचं आणि महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटील नांगराची निशाणी करायचा. इंग्रजी अमदानीत ज्यूरी आली, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेली साधी माणसं. 1908 साली टिळकांना ज्यूरीने 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरवलं. ते दोघे अडून राहिले. निकाल फिरला नाही, टिळक मंडालेला गेले, तरी ते 2 आजही मोजले जातात. पुढे नानावटी या नौदल अधिकाऱ्याच्या खून खटल्यात ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा निर्दोष कौल दिला, हायकोर्टाने तो मानला नाही, आणि 1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच राहिली नाही. आता न्यायाच्या कामात साध्या माणसाला जी थोडी जागा उरली आहे, त्यातली एक पंचाची. आता झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, तरी नव्या कायद्याने पंच काढले नाहीत. त्याच वस्तीतले, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेले प्रतिष्ठित रहिवासी, असंच अजूनही लिहिलंय. मोबाईलची उलटतपासणी होत नाही, माणसाची होते.

गावात राहायचंय, हे मला कळतं. शहरात साक्ष देऊन माणूस गर्दीत मिसळून जातो. इथे आरोपीचा भाऊ तुझ्या दुकानात रिचार्जला येतो आणि त्याची आई तुझ्या आईबरोबर खुरपायला जाते. मला हे सांगू नकोस, मी भोगलंय. 1997 साली आमच्या भावकीतल्या एकाने सालगड्याला मारलं. त्याच्या पडवीतून काठी जप्त केली तेव्हा मी हजर होतो. कोर्टात जसं पाहिलं तसं सांगितलं. दुसरा पंच फितूर झाला आणि तो माणूस सुटला. अकरा वर्षं भावकीने माझा उंबरा चढला नाही. थोरलीच्या हळदीला घरची एक बाई आली नाही, शेजारच्या आळीतल्या बायकांनी हळद लावली. तुझी काकू त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. लोक विचारायचे, तो सुटलाच, मग तू काय मिळवलंस? मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही बरोबर आहे. त्या सालगड्याने कोर्टाच्या व्हरांड्यात माझा हात धरला होता, दोन बोटं सरळ होत नव्हती त्याची. काकूला माझं म्हणणं अजून पटलेलं नाही. तिचा भोग मी मोजला नव्हता, हेही खरं. पण फिरून तीच वेळ आली तर मी तेच सांगेन.

आता तुझी ती वेळेची अडचण. पंचनाम्यात सकाळचे अकरा लिहिलेत आणि तुला दुपार आठवते. मग घाबरायचं कशाला? दुपार आठवते तर दुपार सांग. घड्याळ पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हण. वकील ओरडला तर ओरडू दे. सरकारी वकिलांना बरं वाटावं म्हणून अकरा म्हणू नकोस, आणि अकरा चुकलं म्हणून गंज खोटी पाडू नकोस. पाहिलं तेवढं, आणि पाहिलं ते सगळं. किती वेळा सांगू?

कुऱ्हाड दाखवतील. खाकी कागद, दोरा, लाखेचं सील, आणि त्यावर चिकटवलेल्या लेबलावर तुमच्या दोघांच्या सह्या. हातात घेऊन सावकाश बघ. सही तुझी असेल तर माझी म्हण. घाई करू नकोस, न्यायाधीश थांबतात.

मंगळवारी पहिल्या एसटीने निघ. मी फाट्यावर चढेन. साक्ष होईपर्यंत बाहेर बाकावर बसेन. भाकरी बांधून आण, दोघांची. पुकारा अकराला होईल की चारला, सांगता येत नाही, आणि कोर्टासमोरच्या हॉटेलात त्यांची माणसं बसलेली असतील. तिथला चहा घ्यायचा नाही.

तुझा,
तात्या