चिलखत किती जाड, हे नंतर विचारा

प्रश्न : के. के. रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्या थरथरतात, त्यामुळे रणगाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. युक्रेनमधल्या व्हिडिओंत रणगाड्यांचे बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) हवेत उडताना दिसतात. मग नवा रणगाडा निवडताना सर्वांत जाड चिलखताचाच घ्यायला नको का? स्वदेशी अर्जुन मार्क-१ए आणि रशियन टी-९० मध्ये बावीस टनांचा फरक आहे म्हणतात. तरी आपल्याकडे टी-९० च जास्त का?
– एक वाचक, राहुरी तालुका

उत्तर : टी-९० ज्याच्यावरून घडला त्या टी-७२ च्या गनर सीटवर, म्हणजे तोफ डागणाऱ्याच्या जागी, मी नोकरी काढली, तेव्हा तिथूनच सांगतो. गनर तोफेच्या डावीकडे, कमांडर उजवीकडे. पायाखाली तोफेत आपोआप गोळे भरणारी फिरती चकती, तीत २२ गोळे. प्रत्येक गोळ्याचे दोन भाग : गोळा वेगळा, दारूची नळी वेगळी. ही नळी बुडाची चकती सोडली तर तोफेत जळूनच जाते. म्हणजे तिला पितळी कवच नाही. शिवाय चकतीत न मावलेले गोळे आत जागा मिळेल तिथे खोचलेले. चिलखत भेदून आत आलेली ठिणगी यातल्या एकाला लागली की सगळ्यांचाच भडका होतो. बुरूज उडतो तो त्यानेच. १९९१ मध्ये इराकी टी-७२ चं हेच झालं. टी-९० चं चिलखत सुधारलं, चकती मात्र तिथेच राहिली.

अमेरिकन एब्रॅम्समध्ये बहुतेक दारूगोळा बुरुजाच्या मागच्या कप्प्यात असतो. मध्ये पोलादी दार, वर मुद्दाम कच्चं ठेवलेलं झाकण. आग लागली की झाकण उडतं, ज्वाळा वर जातात, माणसं वाचतात. जर्मन लेपर्ड-२ मध्ये असा कप्पा आहे, पण बाकीचे गोळे ड्रायव्हरशेजारी ठेवतात. २०१६ च्या अखेरीस सीरियात अल-बाबजवळ तुर्कस्तानच्या लष्कराचे लेपर्ड फुटले, तेव्हा ही जागा किती धोक्याची ते जगाला दिसलं. म्हणून माझा पहिला प्रश्न : दारूगोळा कुठे ठेवलाय?

दुसरा, छत केवढं? जाड चिलखत असतं समोर. जॅव्हलिन हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र वरून झेप घेतं, ड्रोनही वरूनच येतात. सगळीकडे तेवढंच जाड चिलखत लावलं तर रणगाडा जागचा हलणार नाही. चिलखतावर स्फोटक विटा बसवतात, त्या मार लागताच फुटून त्याचा जोर मोडतात, पण जॅव्हलिनसारख्या क्षेपणास्त्रांना पुढे-मागे दोन स्फोटक मुंडकी असतात. पहिलं वीट फोडतं, दुसरं आत शिरतं. म्हणून येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी यंत्रणा हवी. इस्रायलच्या मर्कावा रणगाड्यावरच्या ट्रॉफी यंत्रणेने २०११ मध्ये गाझाजवळ ते पहिल्यांदा लढाईत करून दाखवलं. मी निवड समितीवर असतो (मला कोण बसवतंय!) तर दोन टन पोलाद कमी चालेल, पण ही यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी, असा हट्ट धरला असता.

आता टी-९०. २००१ मध्ये करार झाला तेव्हा टी-७२ चे कारागीर, सुटे भाग, रेल्वे वॅगन सगळं तयार होतं. साडेशेचाळीस टनांचा रणगाडा पंजाबातल्या कालव्यांच्या पुलांवरून नेता येतो. साडेअडुसष्ट टनांचा अर्जुन मार्क-१ए नेताना आधी पूल मोजावा लागतो. लष्करासाठी त्याची मागणी नोंदवली गेली तीही ११८ चीच, २०२१ मध्ये. पण त्यात चौघे बसतात, गोळा लोडर हाताने भरतो आणि आत हातपाय हलवायला जागा आहे. उन्हाळ्यात दिवसभर टी-७२ मध्ये बसलेल्याला त्या जागेची किंमत विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये टी-७२ च्या जागी येणाऱ्या नव्या रणगाड्यांना तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे, तेव्हा हे प्रश्न आताच विचारायला हवेत.

प्रश्न : रणगाड्यावर लोखंडी जाळी लावून ड्रोन अडतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काही अडतात. ड्रोनखालचा स्फोटक जाळीवरच फुटला तर छतापर्यंत येताना त्याची धार कमी होते. जॅव्हलिनला मात्र ती जाळी खिजगणतीत नाही. आणि जाळी बसवणाऱ्याने एकदा हॅच (वरचं बाहेर पडायचं झाकण) उघडून अंगावरच्या सगळ्या सामानासह बाहेर पडून बघावं. तिथे माणूस अडकत असेल, तर ती जाळी कापून पुन्हा जोडा.