काळू, शेरू आणि मोती

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही काटोल तालुक्यात संत्र्याच्या बगीच्याला लागून राहतो. पाच-सहा घरांची वस्ती आहे. होळीच्या सुमारास एक बदामी कुत्री कुठूनशी आली. एका दारातून हाकललं की दुसऱ्या दारात जाऊन बसते. पोरं शिळी पोळी टाकतात, सासूबाई काठी उगारतात. चार दिवसांपासून मात्र आमच्याच गोठ्यात मुक्काम आहे. ठेवावी की दूर नेऊन सोडावी?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दूर नेऊन सोडायचं आधी डोक्यातून काढा. तिला कोणीतरी तसंच आणून सोडलं असावं, असा मला संशय आहे. दिवसाउजेडी तिच्या मानेवर केसांच्या उलट दिशेने हात फिरवा. गोल रेघेत केस झिजलेले लागले, तर गळ्यात पट्टा होता. मग फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, बाजाराच्या दिवशी चौकशी करा. आठ दिवसांत कोणी आलं नाही, तर येणार नाही.

तुमच्या पत्रातलं 'चार दिवसांपासून गोठ्यातच' हे वाचून मी थबकलो. दारोदार फिरणारी कुत्री एकाएकी आडोसा धरते, तेव्हा तिची थानं बघायची. भरून लोंबलेली असतील तर पिल्लं तोंडावर आली आहेत. कुत्रीचे दिवस साधारण ६३. कानाला 'व्ही'सारखी खाच असेल तर मात्र नसबंदी झालेली आहे, तो प्रश्न मिटला.

आता ठेवण्याचं. पूर्वी उमरेडकडे दवाखाना सांभाळत होतो, तिथे एक काळं कुत्रं होतं. एका घरात काळू, शेजारी शेरू आणि किराणा दुकानात मोती! तिन्हीकडे जेवायचं. एकदा ते एका पोराला चावलं. लस कोणी टोचली म्हणून विचारत फिरलो, तर काळूवाल्यांनी शेरूवाल्यांकडे बोट दाखवलं, शेरूवाल्यांनी दुकानाकडे. पोराची इंजेक्शनं सुरू केली, पण कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची कोणी, यावरून वस्तीत भांडण जुंपलं. म्हणून सांगतो, खाऊ सगळ्यांनी घालावं, लसीच्या कार्डावर मालक म्हणून नाव एकाचंच हवं. रेबीजची लस द्यायची आणि दरवर्षी न चुकता पुन्हा टोचायची. पिल्लं झाली तर ती अंगावरून सुटली की हिची नसबंदी. काटोलला सोय झाली नाही, तर नागपुरात सेमिनरी हिल्सला आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

गोठ्यात झोपते म्हणजे गोचिड असणारच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बघा. आणि हे हात जोडून सांगतो : पिकाचं किंवा बैलांसाठी आणलेलं औषध अंदाजाने पाण्यात कालवून तिला चोळू नका. कुत्रं अंग चाटतं, औषध पोटात जातं. अशी थरथरत, तोंडाला फेस आलेली कुत्री मी फार पाहिली. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याखाली बांधू नका, पाण्याचं मातीचं भांडं सावलीत ठेवा. बिबट्याची ये-जा असेल तर रात्री गोठ्याचं फाटक लावून घ्या.

राहिल्या सासूबाई. नाव एकच ठेवायचं आहे, ते त्यांनाच ठेवू द्या.